खुरटलेली वांगी आणि मायकोरायझा
सिंहगड रोडला आमच्या गच्चीवरची वांगी खुरटली होती, पानं खालून जांभळट, डीएपी हे फॉस्फरसचं खत देऊनही फरक पडेना कारण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत फॉस्फरस कॅल्शियमला धरून बसतो, मुळांना मिळत नाही. मग डीएपी थांबवलं (फॉस्फरस जास्त झाला की झाड मायकोरायझा या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीला जवळच करत नाही) आणि नवी रोपं लावतानाच मुळांना मायकोरायझा चोळलं, नुसतं वरून भुरभुरून काही होत नाही, मुळाला चिकटायला हवं. या बुरशीचे धागे मुळांच्या पलीकडे जाऊन फॉस्फरस आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात, केवढी सुंदर देवाणघेवाण! वर पालापाचोळा, माती उकरणं बंद. पानं हिरवीगार झाली, वांगी धरली. कोबी-मोहरीवर मात्र खर्च करू नका, त्यांची मुळं या बुरशीला थारा देत नाहीत.