कुत्रा, आजी-आजोबा आणि चार गाड्या: स्टेट पार्कला निघण्याआधीची यादी

आधी आरक्षण. कूलर, खुर्च्या, धपाटी, कुत्र्याचा पट्टा हे सगळं नंतर. टेक्सासच्या एखाद्या गाजलेल्या स्टेट पार्कला (राज्य सरकारच्या निसर्ग उद्यानाला) मार्च-एप्रिलात किंवा ऑक्टोबरात शनिवार-रविवार गाठून जायचं असेल, तर त्या दिवसाचा डे पास आधी ऑनलाइन धरून ठेवावा लागतो. "आपल्याकडे वर्षाचा पास आहे ना" हे त्यावरचं उत्तर नाही. मागच्या खेपेला ते उत्तर ग्रुपवर मीच दिलं होतं. मग चार गाड्या, एक कुत्रा, सांगलीहून आलेले आई-बाबा आणि दारात पाटी: आज पार्क भरलंय, आरक्षण असलेल्यांनाच प्रवेश. दारावरच्या मुलीनं अतिशय गोड बोलून आम्हाला गाडी कुठून वळवायची ते दाखवलं. पुलाव आम्ही एका गॅस स्टेशनच्या मागे डिकी उघडून खाल्ला. म्हणून ही यादी.

तर पुन्हा, सावकाश. पैसे भरून टेक्सास स्टेट पार्क्सचा वर्षाचा पास काढला की वर्षभर तुम्हाला आणि तुमच्याच गाडीत बसलेल्यांना प्रवेश फुकट. पास ज्याच्या नावावर तो माणूस गाडीत हवा. पास नवऱ्याचा आणि नवरा घरी क्रिकेट बघत बसलाय, असं चालत नाही. पण प्रवेश फुकट असला तरी आत जागा तुमच्यासाठी राखलेली नसते. पार्क भरलं की भरलं. जागा हवी तर आरक्षणाच्या साइटवर पासचा नंबर घालून त्या तारखेचा डे पास घ्यायचा. शून्य डॉलरचा असतो, तरी घ्यायचाच. ३० दिवस आधीपासून मिळतो. ब्लूबॉनेटच्या (वसंतातल्या निळ्या रानफुलांच्या) दिवसांत आणि मुलांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये "गुरुवारी रात्री बघू" म्हणणाऱ्याला काही मिळत नाही.

आणि तो वर्षाचा पास एका गाडीपुरता. तुमच्या मागून येणाऱ्या भावजींच्या गाडीला तो लागू नाही, मग ती गाडी तुमच्या बंपरला चिकटून का येईना. त्यांचं आरक्षण वेगळं, पैसे वेगळे. आमच्या भागातल्या पार्कांत मोठ्या माणसाला साधारण पाच ते आठ डॉलर पडतात, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. आमचा आता नियम असा: ज्याची गाडी त्यानं आरक्षण करायचं आणि कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. "झालं" असा मेसेज चालत नाही, अंगठा चालत नाही. स्क्रीनशॉट.

मोठ्या घोळक्यासाठी पॅव्हेलियन घेतलं असेल तर दुप्पट सावध राहा. शेडचं भाडं भरलं म्हणजे प्रवेश झाला असं डोक्यात बसतं. नाही झाला. प्रवेशाचे पैसे त्याच्यावर.

पार्क कुठलं घ्यायचं हे कुत्रा ठरवतो. एंचांटेड रॉक सगळ्यांना बघायचा असतो, ४२५ फूट उंच गुलाबी ग्रॅनाइटचा घुमट, फोटो सुंदर येतात. पण माथ्यावर जाणाऱ्या समिट ट्रेलवर कुत्रा नेता येत नाही. लूप ट्रेलवर चालतो. म्हणजे घरातला एक माणूस कुत्र्याबरोबर खाली, आणि तो माणूस कोण यावरून कारमध्येच बोलाचाली. आई-बाबा असतील तर मी बर्नेटजवळचं इंक्स लेक सुचवीन: ऑस्टिनहून दीडेक तासाच्या आत पोचता येतं, तळ्याची पातळी सहसा स्थिर असते, पाण्याच्या काठाशी झाडाखाली टेबलं आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. कुत्र्याला तिथंही पोहण्यासाठी राखलेल्या जागेत सोडता येत नाही. कुठल्याच स्टेट पार्कात नाही. कॅबिनमध्ये आणि इमारतींतही नाही. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. तो दोरीसारखा सुटत जाणारा पट्टा घरी ठेवा.

आता बंड्याची, म्हणजे आमच्या कुत्र्याची, पिशवी. पाणी, वाडगा, मळ उचलायच्या पिशव्या, हे काय सांगायचं. रेबीजच्या लसीचा बिल्ला गळ्यात हवा. टेक्सासमध्ये ही लस कायद्यानंच सक्तीची आहे, आणि दुसऱ्याच्या पोराला ओरखडा जरी निघाला तरी पहिला प्रश्न तोच येतो. हार्टवर्मची (डासांमुळे हृदयात होणाऱ्या जंतांवरची) गोळी महिन्याची चुकली असेल तर आजच द्या, इथले डास ती चूक माफ करत नाहीत. एक बारीक टोकाचा चिमटा घ्या. निवडुंगाच्या फड्याचे मोठे काटे दिसतात, उपटता येतात; त्यांच्या बुडाशी जी केसाएवढी कुसं असतात ती पंजाच्या गादीत शिरली की दिसतच नाहीत. कुत्रा तीन पायांवर चालायला लागतो आणि आपण हाड मोडलं की काय म्हणून फोटो काढून डॉक्टरला पाठवतो. उजेडात पंजा तिरका धरायचा, कुसं चमकतात, मग एकेक ओढायची.

पार्किंगच्या डांबरावर उतरवण्याआधी हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही नाही. तळ्याचं पाणी पिऊ देऊ नका, विशेषतः उन्हाळ्यात, काठाशी शेवाळाचे पुंजके तरंगत असतील तर. २०१९ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनच्या लेडी बर्ड लेकवर अशा शेवाळाच्या विषानं कुत्री दगावली होती. बंड्याचं पाणी घरूनच न्या, आणि वाटतं त्याच्या दुप्पट न्या.

ह्यूस्टनची मंडळी २९० नंबरच्या हायवेवरून येताना वॉलर गावच्या बकीजला (अवाढव्य गॅस स्टेशन आणि दुकान) थांबल्याशिवाय राहत नाहीत. थांबा. पण कुत्र्याला आत घेत नाहीत, आणि बंद गाडीत "पाचच मिनिटं" ठेवायचं नाही. बकीजमध्ये पाच मिनिटांत कोणी बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. एकानं एसी चालू ठेवून गाडीत बसायचं. तेवढ्यात त्यानं ग्रुप उघडावा आणि चारही गाड्यांचे स्क्रीनशॉट आहेत का ते मोजावं.

खाण्याचं. धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी, पुलाव, लोणचं. याला यादी लागत नाही, सगळ्या वहिनींना पाठ आहे. टेबलाशेजारी ग्रिल असतं, मक्याची कणसं भाजा, तिखट-मीठ-लिंबू लावा, पोरं दुसरं काही मागत नाहीत. मात्र आदल्या दिवशी त्या काउंटीत (जिल्ह्यात) बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, आहे का ते बघा. कोरडा वारा सुटला की काउंटी बंदी लावते, आणि मग कोळशाची पिशवी नुसती फिरवून परत आणायची. काउंटीचं नाव पार्कच्या नावाहून वेगळं असू शकतं, तेही आधी बघा. बिअर नको. स्टेट पार्कात उघड्यावर दारू पिता येत नाही, मग ती कितीही थंड असो.

आपल्या डब्यातली खरी अडचण निराळी आहे. आपल्या जेवणातलं बरंच काही कुत्र्याला विष आहे. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, कच्चे असोत की शिजलेले. बेदाण्यानं मूत्रपिंड बंद पडू शकतं, आणि शिऱ्यात, पुलावात, चिवड्यात बेदाणे असतात. आजोबांच्या खिशातल्या शुगरफ्री गोळीत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर कुत्र्याची साखर धाडकन उतरते. आणि आजी म्हणजे आजी: "एवढासा घास, बघतोय बिचारा" म्हणून टेबलाखालून शिरा जाणारच. तिला आदल्या रात्रीच सांगा, सगळ्यांसमोर नको, वाईट वाटतं. बंड्यासाठी बिनमिठाचा भात आणि उकडलेली कोंबडी वेगळ्या डब्यात द्या आणि तो डबा आजीच्या हातात ठेवा. तिलाही भरवायला मिळतं. तरीही त्यानं काही गिळलंच तर वाट बघत बसू नका. जवळच्या चोवीस तास उघड्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर आदल्या दिवशी शोधून फोनमध्ये ठेवा. पार्कात नेटवर्क असेलच असं धरू नका. हो, म्हणूनच आरक्षणाचाही स्क्रीनशॉट म्हणतोय, ईमेल तिथं उघडत नाही.

आई-बाबांसाठी पाठ टेकता येईल अशा घडीच्या खुर्च्या, टोप्या, औषधं. आणि बूट. आईला चपला घालायच्या असतात, हट्ट करून बूट घालायला लावा. इथल्या लाल मुंग्यांचं वारूळ म्हणजे नुसता भुसभुशीत मातीचा उंचवटा, वर भोकसुद्धा दिसत नाही. बागेत कुणीतरी कुंडी उलटी केलीय असं वाटून माणूस शेजारी सतरंजी पसरतो. मग सगळ्या एकदम चावतात. दुसऱ्या दिवशी पांढरे फोड. सतरंजी टाकण्याआधी जागा पायानं चाचपून बघा, बूट घालून.

ब्लूबॉनेटमधला फोटो होणारच आहे, काठपदराची साडीही ठरलेली आहे. रस्त्याकडेला थांबू नका, गाड्या ताशी सत्तर मैलांच्या वेगानं जातात. पार्काच्या आत काढा, फुलं तोडू नका, बसण्याआधी गवतात नीट बघा, साप असतात. कुत्र्याला फुलं चघळू देऊ नका, ती त्याला बाधतात.

पावसाचं मात्र गंमत म्हणून घेऊ नका. हिल कंट्रीला (ऑस्टिनच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागाला) फ्लॅश फ्लड अ‍ॅली (अचानक येणाऱ्या पुरांची वाट) म्हणतात ते उगाच नाही: चुनखडीचा खडक, वर मातीचा पातळ थर, पाणी मुरत नाही, थेट नदीत. ४ जुलै २०२५ च्या पहाटे केर काउंटीत ग्वाडालूप नदी अशी चढली की शंभरावर माणसं गेली. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वरच्या अंगाला वीस मैलांवर पडलेला असतो. पेडरनालिस फॉल्स या स्टेट पार्कात तर पार्कवालेच बजावून सांगतात की पाणी गढूळ व्हायला किंवा चढायला लागलं की सामान टाकून वर पळा. फोनचे हवामानाचे अलर्ट चालू ठेवा. परतीच्या वाटेवर सखल पुलावरून पाणी वाहताना दिसलं तर गाडी फिरवा. "एवढंच तर आहे" म्हणू नका. पुढचा पिकअप गेला म्हणून तर अजिबात जाऊ नका.

पोहायला उतरणार असाल तर लाइफ जॅकेट मुलांना आणि पोहता न येणाऱ्या प्रत्येक मोठ्याला, लाजू नका. स्टेट पार्कात जीवरक्षक नसतो. पाळीनं एक मोठा माणूस फक्त पाण्याकडे बघत बसेल, हातात फोन नाही.

निघायच्या सकाळी: बर्फ, गॅस भरलेली गाडी, बंड्याला फिरवून आणा, औषधं परत मोजा. नऊच्या आत पोचा, आरक्षण असलं तरी झाडाखालचं टेबल राखीव नसतं. आरक्षण असलं तरी म्हणालो. आहे ना? शनिवारचंच आहे ना, रविवारचं नाही? तारीख वाचा. मोठ्यानं.

कचरा आपला आपण. खरकटं उघडं ठेवू नका, रकून येतात. कोळसे पाणी ओतून विझवा.

घरी आल्यावर गोचिड्या. कुत्र्याच्या कानाच्या मागे, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या खाली. मुलांच्या कमरेच्या इलॅस्टिकखाली. आंघोळी. ओले टॉवेल गाडीतून आजच काढा. आणि कूलर झाकण उघडं ठेवून वाळवा, बंद करून गराजमध्ये ढकलला की पुढच्या वेळेला त्यात दही ठेववत नाही.