बापाशी कसली टक्केवारी? प्रार्थनेतल्या या चुका टाळा

देवाला ‘पित्या’ म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच वाक्यात त्याच्याशी सावकाराशी बोलावं तसं बोलायचं! वेंगुर्ला-मालवणकडच्या ख्रिस्ती घरगुती प्रार्थनासभांत हे ऐकून माझे कान किटलेत.

सगळ्यांत जुना रोग सौद्याचा. आमच्या मंडळीतल्या एका तरुण होडीवाल्याने ३१ जुलैला मासेमारीबंदी संपताच देवाला बोली लावली: पहिल्याच फेरीत सुरमई लागली, तर दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, तुझा. जाळ्यात आली जेलीफिश, वर जाळंही फाटलं. गड्याने उपासनेला येणंच सोडलं. म्हणे, ‘देव माजा आयकना नाय.’ त्याच्या घरी गेलो, तर पडवीत त्याचा म्हातारा बाप तेच जाळं शिवत बसलेला. मी विचारलं, ‘बापाशीकडे डिझेलाक पैशे मागतस, तेव्हा टक्के ठरवतस काय रे?’

‘बापाशीक कसले टक्के!’ म्हणाला आणि गप्प झाला. लगेच रविवारी आला असं सांगायला मलाही आवडलं असतं, पण स्वारी उगवली ती थेट नाताळात.

दशांश जरूर द्या, पण तो आनंदाने, आगाऊ अटीवर नव्हे. मुलाने मासा मागितला तर कोणता बाप त्याला साप देईल, असं येशूनेच विचारलंय (बायबल, लूक ११:११). पण त्याच येशूने क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ‘अब्बा, बापा’ म्हणत दुःखाचा प्याला दूर करायची विनंती केली आणि तो प्याला टळला नाही. नव्याने विश्वासात आलेल्या उतावळ्यांना मासा पाठ असतो, गेथशेमानेचं पान ते उलटून पुढे जातात. मी दोन्ही एका बैठकीत वाचायला लावतो.

घोकलेली माफी ही दुसरी चूक. येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राने बापाकडे परत येण्याआधी भाषण तयार केलं होतं: मला तुझ्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेव. ते वाक्य तोंडातून निघायच्या आत बापाने अंगरखा मागवला (लूक १५). आपण मात्र तेच भाषण रोज पहिल्यापासून सुरू करतो. चुकलेली गोष्ट नाव घेऊन सांगावी आणि पुढच्या बोलण्याला लागावं.

ज्यांचा बाप मुंबईला, फक्त मे महिन्यात दिसायचा, किंवा घरात असून हात उचलायचा, त्यांच्या तोंडून ‘पित्या’ सहज निघत नाही. त्यांच्यावर सक्ती करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मला राग येतो. आई मुलाचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, असंही देव म्हणतो (यशया ६६:१३). रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणूनच आळवलं. तिथून सुरुवात करा, घाई कसली?

लांबण नको. मागण्याआधीच गरज ठाऊक असलेल्याला (मत्तय ६:८) घराचा पत्ता कशाला सांगता?

गडग्यावरून भावाशी कोर्टात भांडताय? मग आधी मत्तय ६:१५ वाचा: तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर पिताही तुम्हाला करणार नाही.

राहिले ते ‘ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, आजच चमत्कार’वाले व्हॉट्सॲप मेसेज. मी ते न वाचताच पुसतो. मला पाठवू नका.