रात्रपाळीचा डबा कसा भरावा

वणी-चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा खाणींत किंवा कापसाच्या हंगामात अहोरात्र चालणाऱ्या जिनिंगमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांचा डबा बहुधा दुपारच्या जेवणासारखाच, भरपूर भात घालून, भरला जातो. शरीर मात्र ते अन्न रात्री तसे हाताळत नाही. मेंदूतील घड्याळ उजेड-अंधारावर चालते, आणि रात्री इन्सुलिनचा परिणाम मंदावत असल्यामुळे तेवढाच भात मध्यरात्री रक्तातील साखर दुपारपेक्षा अधिक वाढवतो. हे वर्षानुवर्षे चालल्यास वजन, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

म्हणून मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी घरीच करावे. ज्वारीची भाकर, घट्ट वरण आणि एखादी पालेभाजी एवढे पुरे. डब्यात फुटाणे, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी असे थोडकेच द्यावे आणि ते शक्यतो मध्यरात्रीपूर्वी संपवावे. पाळी सुटल्यावर टपरीवरच्या आलूबोंड्याचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु तळलेले खाऊन लगेच आडवे झाल्यास जळजळ होते. घरी येऊन अर्धी भाकर व ताक घेतल्यास भुकेने झोपही मोडत नाही.

चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या वेळातच घ्यावा, कारण त्यातील कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. जागे राहण्यासाठी खर्रा चघळणे हा उपायच नव्हे; त्यातील सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोगास कारणीभूत ठरतात.

झोपेचे गणित आपल्याकडे उन्हाळ्यात बिघडते. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा टिनाच्या छपराखाली दुपारी झोप लागणे अशक्यच, त्यामुळे बाजार, बँक ही कामे मागे ठेवून सकाळी घरी येताच, ऊन तापण्याआधी, खोलीत अंधार करून कूलर लावून झोपावे. ओलितासाठी रात्री वीज येते म्हणून शेतात जागणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांनी अंधारात बांधावर जाताना टॉर्च आणि गमबूट विसरू नयेत.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. शरीरातील पाणी कमी झाल्यास त्यांना वेदनांचा झटका येऊ शकतो, तेव्हा त्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता रात्रभर थोडे थोडे पाणी प्यावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पाळी बदलताच औषधाची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. जेवणाच्या नव्या वेळा कागदावर लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवाव्यात.