हत्तीच्या पावसाआधी चर उकरा

आज एक काम करा. कुदळ घ्या, रानाच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात गुडघाभर खड्डा खणा आणि वर पोतं टाकून रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी तळाला पाणी दिसलं, तर बाकीची कामं बाजूला ठेवून पुढचं वाचा.

पूर्वा लागल्या. 13 सप्टेंबरच्या आसपास उत्तरा आणि 27 च्या आसपास हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, पण तो येतो तेव्हा सावकाश येत नाही. जून-जुलैत तोंडचं पाणी पळवतो आणि सप्टेंबरात रातोरात बांध फोडतो. 14 ऑक्टोबर 2020 ची रात्र पंढरपूरपासून अक्कलकोटपर्यंत कुणी विसरलेलं नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीनेनं करमाळा, माढा, मोहोळमध्ये काय केलं ते तर ताजंच आहे. पुराला आपण अडवू शकत नाही. पण पूर ओसरल्यावर पंधरा-पंधरा दिवस रानात जे पाणी थांबतं, ते बहुतेक वेळा आपल्याच हलगर्जीपणामुळे थांबतं. दरसाल हेच बघतोय, म्हणून दरसाल हेच लिहितोय.

उजनीकाठच्या रानांची गोष्ट आणखी अवघड आहे. केत्तूर, जेऊर, कंदर, टेंभुर्णी या पट्ट्यात धरणाचं पाणी आलं आणि ज्वारीच्या जागी ऊस-केळी आली. 117 टीएमसीचं धरण याच दिवसांत काठोकाठ भरतं. फुगवटा वर सरकतो, काठच्या विहिरी वरपर्यंत भरतात आणि उन्हाळ्यात मोकळं दिसणारं चराचं तोंड पाण्याखाली जातं. म्हणजे वरून पाऊस, खालून उपळ आणि बाहेर जायची वाट बंद. म्हणून चराचं तोंड उन्हाळ्यातल्या नव्हे, आत्ताच्या पाणीपातळीवरून बघा. ते बुडालं असेल तर आडवा चर काढून पाणी शेजारच्या ओढ्याला, वरच्या बाजूनं सोडा.

करमाळा तालुक्यातल्या एका बागेत गेल्या हंगामात गेलो होतो. अडीच एकर केळी, घड निसवायला आलेले. खालची पानं कडेनं पिवळी पडत चाललेली, बुंध्याशी पाय ठेवला की पचपच. दुकानदारानं आधी ह्युमिक दिलं, मग महागडं बुरशीनाशक, मग जमीन सुधारणारी म्हणून एक बाटली. तीन आठवडे ड्रिपमधून हेच सोडणं चाललेलं, म्हणजे बुडत्या मुळीला आणखी पाणी! बांधाच्या कडेनं चालत गेलो. वडिलांच्या हातचा चांगला चार फुटी चर होता, वरून खालपर्यंत. फक्त मधे एका जागी ट्रॅक्टर जायला म्हणून माती लोटलेली, आणि खाली सिमेंटचा नळा टाकलेलाच नव्हता. त्या दहा फुटांच्या भरावामागे बेशरम आणि पाणकणीस माजलेलं आणि कमरेइतकं पाणी उभं. जेसीबी दोन तास चालला. चौथ्या दिवशी वरच्या अंगाला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला, पण खालचा पाऊण एकर गेला तो गेलाच.

तेव्हा आपला चर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालून बघा. सांगकाम्याला पाठवू नका. बघायचं ते इतकंच: कुठं माती लोटलीय, कुठं पाइपलाइन आडवी गेलीय, कुठं बेशरम उगवलीय. बेशरम वरून कापून भागत नाही, बुडासकट उपटा आणि काडी चरात पडू देऊ नका, ती पुन्हा फुटते. खोली तीन ते चार फूट हवी, मुळीच्या खाली. काढलेली माती चराच्या काठावर ढीग करून ठेवली तर पहिल्या सरीला पुन्हा आत येते, ती रानात पसरवा.

दुसरं, मोटारीचा ऑटो काढा. लाइट आली की मोटार सुरू, मग पाऊस पडत असला तरी सुरू. काळ्या रानाला वाफसा येईस्तोवर थेंबभर पाणी देऊ नका. मातीचा गोळा मुठीत दाबा. तो हाताला चिकटला तर थांबा, बोटानं दाबल्यावर फुटला तर वाफसा.

माझा एक अंदाज सांगतो, कुठल्या पुस्तकातला नाही. ज्या कोपऱ्यात लव्हाळा अचानक माजतो, तिथं दोन-तीन वर्षांत सरीच्या माथ्यावर पांढरं फुटतं, म्हणजे क्षार वर येतात. तणनाशक मारून लव्हाळा जाईल, खालचं पाणी जाणार नाही. आणि मुंग्या अंडी घेऊन बांधावर चढायला लागल्या की मी दोन दिवसांत पाऊस धरतो.

पांढरं फुटलेल्यांनी जिप्समच्या गोण्या उचलायची घाई करू नये. आधी माती तपासा, खेड आणि मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रांत सोय आहे. सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण, तिथं अहवालात येईल तेवढं जिप्सम शेणखतात मिसळून वरच्या थरात द्यायचं. नुसती खारवट जमीन असेल तर जिप्समचा उपयोग नाही, तिथं चर काढून गोड्या पाण्यानं क्षार धुवावे लागतात. दोन्हीकडे चर आधी. चर नसताना टाकलेलं जिप्सम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या उन्हाळ्यानंतर हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा पेरून 45-50 दिवसांनी गाडा, बाटलीपेक्षा स्वस्त पडतो.

बाकी नेहमीची कामं:
- रब्बी ज्वारी: 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, एकरी 4 किलो बी, काणी रोग टाळायला किलोभर बियाला 4 ग्रॅम गंधक चोळा.
- केळी करपा: रोगट पानं काढून बाहेर न्या, प्रोपिकोनॅझोल 10 मिली 10 लिटर पाण्याला, स्टिकरसह.
- कांदा रोपं: गादीवाफ्यावरच.
- डाळिंब: तेल्या रोगाची फळं गोळा करून जाळा, कात्री निर्जंतुक करा.
- आडसाली ऊस: वाफसा आल्याशिवाय खताचा हप्ता नाही.

पाणी साचलंच, तर आधी ते काढा. वाफसा आल्यावर 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत दहा लिटरला 50 ग्रॅम फवारा, एवढं पुरे.

एक अडचण मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळते: खालचा शेजारी चर पुढं जाऊ देत नाही. ऐन पावसात बांधावर भांडून काही होत नाही. आत्ता, कोरड्या दिवशी, दोन जाणत्यांना घेऊन त्याच्या घरी जा. नळ्याचा खर्च तुम्ही करा, त्याच्या रानाचं पाणीही त्याच चरातून जाईल हे त्याला जागेवर नेऊन दाखवा. तरी ऐकलं नाही, तर पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याबद्दल मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. अडवलेल्या जागेचे फोटो पाणी उभं असतानाच काढून ठेवा.