चौदा मापांची मिसळ

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका मिसळवाल्या काकांची वेबसाइट मीच केलेली. काका म्हणाले, "अरे, मोबाइलवर मिसळीचं नाव बारीक आणि किंमत ही एवढी मोठी!" फाइल उघडली, तर अक्षरांची १४ मापं. १७, १८, १९ पिक्सेल शेजारी शेजारी. जिथे जसं सुचलं तसं ठोकलेलं, दुसरं काय!

सगळं पुसलं. मजकूर १६ पिक्सेल, म्हणजे १ रेम (पानाच्या मूळ अक्षरमापाच्या पटीत मोजायचं एकक). मथळे दरवेळी सव्वापट: २०, २५, ३१.२५. मापं सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये एकदाच नावं देऊन ठेवली, तिथूनच घ्यायची.

तरी 'तर्री'चा रफार वरच्या ओळीतल्या उकाराला टेकतच होता. देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या किती पट, ती १.४ची १.७ केली, तेव्हा सुटलं. काकांनी चष्म्याशिवाय 'जादा पाव' वाचलं.