ऑक्युपन्सी सेन्सर बसवताना या चुका टाळा

खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखून दिवे आपोआप चालू-बंद करतो, तो ऑक्युपन्सी सेन्सर. ‘सेन्सर खराब निघाला, बदलून द्या’ असा फोन आला की मी आधी विचारतो, बसवलाय कुठे? बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, जागा चुकलेली असते.

सगळ्यात जास्त संताप येतो तो टॉयलेटमध्ये दाराजवळ ठोकलेला एकुलता एक पीआयआर जातीचा सेन्सर बघून. पीआयआर हलत्या अंगाची उष्णता टिपतो. मध्ये प्लायवूड आलं, अगदी काच जरी आली, तरी तो आंधळा. अंधेरीच्या एका ऑफिसात वायरमनने नेमकं हेच केलं होतं, वर हालचाल थांबल्यावर दिवे किती वेळ चालू राहायचे, ती वेळ 30 सेकंदांवरच सोडलेली. आत दार लावून बसलं की अर्ध्या मिनिटात काळोख. साफसफाईच्या मावशी चाचपडत बाहेर येताना ओल्या लादीवर घसरल्या, मनगट सुजलं. मी पोचलो तोवर कुणीतरी सेन्सर बायपास करून दिवे कायमचे चालू ठेवले होते. त्यांचं काय चुकलं? मी पार्टिशनच्या वरून प्रत्येक क्युबिकलमध्ये नजर पोचेल असे दोन सेन्सर लावले आणि वेळ 15 मिनिटं केली. तेव्हापासून सीलिंगला भोक पाडण्याआधी मी स्वतः आत जाऊन दार लावतो, वर बघतो. जिथे सेन्सर येणार ती जागा मला दिसली नाही, तर त्यालाही मी दिसणार नाही.

मग काही जण सगळीकडे मायक्रोवेव्ह सेन्सर, म्हणजे रेडिओ लहरींनी हालचाल टिपणारे, लावत सुटतात. त्यांच्या 5.8 गिगाहर्ट्‌झच्या लहरी प्लाय, जिप्सम, काच पार करतात. केबिनमध्ये कुणी नसलं तरी पॅसेजमधल्या ये-जा करणाऱ्यांमुळे दिवे जळत राहतात. सेन्सिटिव्हिटी कमी करा, ती फुलवर ठेवायची घाई कशाला?

खोक्यावरचे ‘1200 वॉट’ साध्या बल्बसाठी असतात. एलईडीचा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो, तो वाचा. चालू होताना एलईडीचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारी सर्किटं) क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात, सेन्सरमधल्या रिलेचे, म्हणजे दिवे चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. पार्किंगसारखा मोठा लोड मी कधीच थेट सेन्सरवर देत नाही, मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोड पेलणारा स्विच, घालतो.

एसीच्या ग्रिलसमोर पीआयआर नको. न्यूट्रल न लागणारा दोन वायरचा सेन्सर स्वस्त पडतो, पण बंद केलेला एलईडी मंद जळत राहतो. मे महिन्यात हवा अंगाइतकी तापली की पीआयआरची पोच घटते, म्हणून जानेवारीत मोजलेल्या अंतरावर विसंबू नका. सप्लाय दिल्यावर मिनिटभर थांबा, लगेच हात हलवून ‘चालत नाही’ म्हणू नका.

आणि लक्सचा नॉब, म्हणजे किती अंधार झाल्यावर दिवा लागायचा ते ठरवणारा. भरदुपारी तो चंद्राच्या खुणेवर, म्हणजे फक्त अंधारात लागण्यावर, असेल तर दिवा लागणारच नाही. टेस्टिंगपुरता तो सूर्याच्या खुणेवर, म्हणजे उजेडातही लागण्यावर, न्या आणि खरं सेटिंग संध्याकाळी सातला, जिन्यात उभं राहून करा. त्यासाठी दुसरी फेरी पडते, तिचे पैसे मी कोटेशनमध्येच धरतो.