स्प्लेंडरच्या टॅपेटपासून डेस्मोच्या शिमपर्यंत: रेसिंग इंजिनच्या कामात यायचं असेल तर

आधी दोन आकडे सांगतो. हिरो स्प्लेंडरच्या 97.2 सीसी इंजिनचा स्ट्रोक 49.5 मिमी. डुकाटी पानिगाले व्ही4 आर, जी जगातल्या सगळ्यात जोरदार रोड-लीगल रेस बाइक्सपैकी एक आहे, तिचा स्ट्रोक 48.4 मिमी. म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या गाडीचा पिस्टन व्ही4 आरच्या पिस्टनपेक्षा एक मिलीमीटर जास्तच वरखाली करतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर परत परत गुणाकार करून बघितला, कारण खरंच वाटेना. आणि या लाइनमध्ये यायचं म्हणणाऱ्या पोरापोरींना मी सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की हात लावायला सुपरबाइक मिळाल्याशिवाय काही शिकता येत नाही. मी जे शिकलो त्यातलं निम्मं तरी कोल्हापुरात, स्प्लेंडर आणि हिरो होंडाच्या जुन्या सीडी100 वर शिकलो.

मी डिप्लोमाला होतो तेव्हा संध्याकाळी एका गॅरेजमध्ये जायचो. मिस्त्रींना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामांकडे इंजिन काम आलं की ते बोअर करायला (सिलिंडर आतून घासून मोठा करायला) पाठवायच्या आधी स्वतः मापायचे, वर, मधे, खाली आणि परत आडव्या दिशेने, आणि सहाही मापं खडूने भिंतीवर लिहायचे. मी एकदा म्हटलं, मामा, गाडी धूर टाकतीय म्हणजे रिंगा गेल्या, मापायचं कशाला. ते म्हणाले, किती गेल्या ते सांग की मग. बास, माझं आख्खं करिअर त्या एका वाक्यावर उभं आहे, हे मी अगदी मनापासून लिहितोय. रेसिंग इंजिनच्या कामात गाडी पळवायची वेळ फार क्वचित येते, रोज जे करायचं असतं ते मापणं, लिहून ठेवणं आणि परत मापणं.

आता स्ट्रोक सारखाच, तर मग फरक कुठं येतो? एक म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), स्प्लेंडरचा 50 मिमी, व्ही4 आरचा 81. आणि दुसरं म्हणजे आरपीएम. स्प्लेंडर 8000 आरपीएमला साधारण 8 हॉर्सपॉवर देते. 2023 ची व्ही4 आर 15,500 ला 218 देते, आणि सहाव्या गिअरमध्ये लिमिटर, म्हणजे आरपीएम ज्याच्या पुढे जाऊ देत नाहीत ती मर्यादा, 16,500 वर आहे. म्हणजे एका सिलिंडरमागे 54 च्या वर हॉर्सपॉवर, अडीचशे सीसीतून. आता पिस्टनचा सरासरी वेग काढा, स्ट्रोक गुणिले दोन गुणिले आरपीएम भागिले 60. स्प्लेंडरचा 8000 ला येतो सेकंदाला 13.2 मीटर, व्ही4 आरचा 16,500 ला 26.6 मीटर, दुपटीच्या जरा वर. पण वेग दुप्पट झाला म्हणून पिस्टन-रॉडवरचा जोर दुप्पट होत नाही, तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपटीच्या वर जातो. वरच्या टोकाला पिस्टन थांबून उलटा फिरतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या 7000 पटीहून जास्त त्वरण असतं, आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) लांबीचा परिणाम धरला तर आणखी जास्त. समजा पिस्टन पाव किलोचा आहे, तर तो त्या क्षणी रॉडला 1800 किलोच्या वर ताकदीनं ओढतो, आणि हे सेकंदाला 275 वेळा. हे गणित स्वतः हाताने करून बघा, नुसतं वाचू नका. कारण एकदा हे डोक्यात बसलं की टायटॅनियमचे रॉड का लागतात, पिस्टनचं स्कर्ट (खालची बाजू) एवढं आखूड का असतं, हलकेपणासाठी एवढा पैसा का ओततात, हे कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, जी कॉलेजात कुणी शिकवत नाही, ती म्हणजे रूलबुक वाचणं. या लिमिटेड एडिशन बाइक्स हौसेखातर जन्माला आलेल्या नाहीत (काही आल्यात, त्याचं पुढे सांगतो). वर्ल्ड सुपरबाइक चॅम्पियनशिप 1988 ला सुरू झाली आणि नियम असा की जी गाडी रेसला उतरवायची तिची ठराविक संख्येने रोड व्हर्जन विकायला पाहिजे. याला होमोलोगेशन म्हणतात. त्यावेळी चार सिलिंडरला 750 सीसीची मर्यादा आणि ट्विनला, म्हणजे दोन सिलिंडरवाल्या गाडीला, 1000 ची. म्हणून होंडाने आरसी30 काढली, 748 सीसी व्ही4, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचे दांडे) चेनऐवजी गिअरवर फिरणारे, रॉड टायटॅनियमचे, तेही 1987 मध्ये रस्त्यावरच्या गाडीत! रायडर फ्रेड मर्केलने तिच्यावर 1988 आणि 1989 अशी पहिली दोन्ही टायटलं घेतली. यामाहाने 1999 ला आर7 काढली, फक्त 500 गाड्या, आणि शोरूममधून निघताना तिची पॉवर शंभरच्या जेमतेम वर, कारण खरं इंजिन रेस किट बसवल्यावर जागं होणार होतं. ज्यांनी नुसता ब्रोशरमधला पॉवरचा आकडा बघितला त्यांना ती गाडी कळलीच नाही.

व्ही4 आरचंही तेच बघा. साधी पानिगाले व्ही4 आहे 1103 सीसी, आणि तिच्यापेक्षा महाग असलेली आर आहे 998 सीसी. इंजिन छोटं आणि पैसे जास्त, नवीन माणूस गोंधळतो. कारण नियमात 1000 सीसीची मर्यादा आहे, म्हणून बोअर तोच 81 ठेवला आणि स्ट्रोक 53.5 वरून 48.4 वर आणला. किमतीलाही मर्यादा होती, 40,000 युरो, आणि 2019 ची आर 39,900 युरोला आली. मग 2019 ला डुकाटीचा रायडर आल्वारो बाउतिस्ताने सीझनच्या पहिल्या 11 रेस सलग जिंकल्या आणि सीझन चालू असतानाच नियम करणाऱ्यांनी डुकाटीच्या मर्यादेतून 250 आरपीएम कापले. एवढंच, 250. पण ज्याने वरचं गणित केलंय त्याला त्या 250 ची किंमत कळते. (टायटल शेवटी कावासाकीवर जोनाथन रेने घेतलं, बाउतिस्ताला 2022 पर्यंत थांबावं लागलं.)

हौसेच्या गाड्या म्हणजे सुपरलेजेरा व्ही4 सारख्या, 2020 ची, 500 नग, फ्रेम, स्विंगआर्म, चाकं सगळं कार्बन फायबर. किंवा 2007-08 ची डेस्मोसेदिची आरआर, 1500 नग, मोटोजीपीच्या गाडीवरून घेतलेली 989 सीसी व्ही4. मला दोन्ही प्रचंड आवडतात, पण शिकायचं असेल तर होमोलोगेशनवाल्या गाडीपासून सुरू करा, कारण तिथे प्रत्येक भागामागे एक कारण असतं आणि ते नियमात शोधता येतं.

आता माझं कसं झालं ते थोडक्यात. डिप्लोमानंतर पुण्यात डिग्री, मग दोन वर्षं एका इंजिन टेस्टिंगच्या नोकरीत, रात्रपाळी, टेस्ट बेडपाशी (जिथे इंजिन बांधून चालवून बघतात) बसून टेंपरेचर बघत राहायचं. कंटाळवाणं वाटायचं पण त्याच दोन वर्षांनी मला इटलीत उभं केलं. इटलीत एमिलिया-रोमान्या भागात 2017 पासून तिथल्या युनिव्हर्सिट्या आणि डुकाटी, फेरारी, लॅम्बोर्गिनी, दल्लारा अशा कंपन्यांनी मिळून म्युनेर म्हणून उपक्रम चालवलाय, त्यात इंग्रजीतून मास्टर्स आहे आणि मोटरसायकलसाठी वेगळा ट्रॅक आहे, बोलोन्यात. जागा कमी असतात. तिथे माझ्या मार्कांपेक्षा जास्त प्रश्न मी स्वतः काय मापलंय, काय उघडलंय यावर आले, तर तुमच्याकडे दाखवायला प्रोजेक्टची वही ठेवाच. कॉलेजात असाल तर विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धा असतात, बाहा, सुप्रा किंवा स्पेनला आरागोनच्या ट्रॅकवर होणारी मोटोस्टुडंट, यातल्या एखाद्या टीममध्ये घुसा, आणि घुसलात तर नुसतं स्पॉन्सरशिपचं प्रेझेंटेशन करत बसू नका, इंजिनच्या बाजूला उभं राहायची जागा मिळवा.

एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं, ती म्हणजे इटालियन भाषा. वर्ग इंग्रजीत, पण टेस्ट बेंचवर पन्नाशीतले टेक्निशियन इटालियनच बोलतात, आणि खरं ज्ञान त्यांच्याकडे असतं. मी जायच्या आधी चार महिने शिकलो ते कमी पडलं. व्हॉल्व्ह क्लिअरन्सला (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधल्या बारीक फटीला) ते जोको व्हालव्होले म्हणतात, आणि पहिल्या आठवड्यात मी तो शब्द ऐकून नुसती मान हलवत होतो. तुम्ही असं करू नका, समजलं नाही तर विचारा, तिथली माणसं सांगायला एकदम उत्साही असतात.

आणि आता डेस्मो, म्हणजे डुकाटीची व्हॉल्व्ह चालवायची खास पद्धत. माझा सगळ्यात आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबेल. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग बंद करते. आरपीएम वाढले की एका टप्प्यानंतर स्प्रिंगला कॅमच्या मागे धावता येत नाही, व्हॉल्व्ह हवेत तरंगतो, आणि तेवढ्यात खालून पिस्टन आला की खेळ खलास. डेस्मोमध्ये बंद करायलाही कॅमच असतो, उघडणारा एक रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा छोटा दांडा) आणि बंद करणारा दुसरा. फाबिओ टालिओनीने 1956 ला हे डुकाटीच्या 125 रेसरवर आणलं आणि कंपनीने ते आजवर जपलंय. पण याचा अर्थ प्रत्येक व्हॉल्व्हला दोन क्लिअरन्स, ओपनिंग आणि क्लोजिंग. व्ही4 मध्ये 16 व्हॉल्व्ह, म्हणजे 32 मापं, सगळी मिलीमीटरच्या शंभराव्या भागात, आणि प्रत्येकाला मापाची शिम, म्हणजे फट जुळवायचा धातूचा छोटा तुकडा.

मी शिकलो ती पद्धत अशी: कॅमचा गोल भाग रॉकरवर येईल असं इंजिन फिरवायचं, फिलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) ओपनिंगचा गॅप घ्यायचा, मग क्लोजिंग रॉकर दाबून धरायचा आणि परत गॅप घ्यायचा. हा एकूण गॅप, त्यातून ओपनिंग वजा केलं की क्लोजिंग. ऐकायला सोपं आहे. पण फिलर गेज ओढताना हाताला किती घट्ट लागलं पाहिजे हे पुस्तकात नाही, आणि माझ्या हातात ते आलं मामांकडच्या टॅपेट सेटिंगमुळे (साध्या गाडीच्या व्हॉल्व्हची फट जुळवण्यामुळे), शेकडो वेळा केलेल्या. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला की वर सरकतो, त्यामुळे ओपनिंग कमी होतं आणि क्लोजिंग वाढतं. जुनी मापं लिहून ठेवलेली असतील तर पुढच्या वेळी कुठला व्हॉल्व्ह कुठे चाललाय हे आधीच दिसतं.

इथे माझ्याकडून मोठी चूक झाली होती. ट्रेनिंगच्या काळात एका गाडीचं काम माझ्याकडे आलं, सकाळी ती ट्रॅकवरून आली होती, दुपारी मी हात लावला, इंजिन मला गार वाटलं आणि मी 32 मापं घेतली, शिमा ठरवल्या, बसवल्या. दुसऱ्या दिवशी सीनियरने सकाळी परत मापलं तर निम्म्या ठिकाणी दोन-तीन शतांश फरक. केसिंग हाताला गार लागलं तरी आत हेड कोमट होतं. सगळं परत उघडलं, दोन दिवस गेले, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही कारण तशीच गाडी गेली असती तर काय झालं असतं हेच डोक्यात. तेव्हापासून इंजिन रात्रभर ठेवल्याशिवाय मी गेज बाहेर काढत नाही, आणि वहीत मापाच्या आधी खोलीचं टेंपरेचर लिहितो.

टायटॅनियम रॉडबद्दलही एक सांगतो. टायटॅनियम स्टीलपेक्षा वजनाला निम्म्याच्या थोडं वर, पण कडकपणाही साधारण निम्माच, म्हणजे जास्त ताणला जातो, आणि स्टीलवर घासला की चिकटून ओरबाडतो, म्हणून बाजूंना कोटिंग असतं. त्याच्यावर साधा ओरखडाही चालत नाही, तिथूनच तडा सुरू होतो. रॉडचे बोल्ट नुसत्या टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यावर) सोडत नाहीत, आवळायच्या आधी लांबी मापायची, आवळल्यावर किती ताणला ते मापायचं, आणि सोडल्यावर मूळ लांबीवर परत आला नाही तर बोल्ट टाकून द्यायचा. परत मापणंच.

नोकऱ्यांचं खरं चित्र असं आहे की गाडीवर नाव असलेल्या कंपनीच्या रेस विभागात जागा फारच थोड्या. पण गाडी एकटी कंपनी बनवत नाही. रॉड आणि क्रँक ऑस्ट्रियात पँकलकडे, एक्झॉस्ट स्लोव्हेनियात अक्रापोविचकडे, सस्पेन्शन स्वीडनला ओहलिन्सकडे, ब्रेक बर्गामोला ब्रेंबोकडे, आणि ब्रेंबोचा प्लांट तर आपल्या चाकणलाही आहे. चाकणलाच केटीएमच्या गाड्या बनतात. मी आज बोलोन्याजवळ एका छोट्या सप्लायर कंपनीत टेस्ट बेंचवर आहे, आमच्या कंपनीचं नाव कुठल्याच गाडीवर नसतं, आणि तरी रात्री बेंचवर 15,000 च्या पुढे इंजिन गेलं की काचेमागे उभं राहून अंगावर काटा येतो.

पहिला पगार आला की टूलकिटचा मोठा सेट घेऊ नका. एक चांगला 0 ते 25 मिमीचा मायक्रोमीटर, फिलर गेज, सिलिंडर आतून मापायचा डायल बोअर गेज आणि जाड वही. आणि येत्या रविवारी ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन हेड उतरवलेलं एखादं स्प्लेंडरचं सिलिंडर मागून घ्या, सहा ठिकाणी मापा, लिहा, मग पुसून, तासभर थांबून, आधीचे आकडे न बघता परत मापा. दोन्ही वेळची मापं एका शतांशाच्या आत जुळेपर्यंत करत राहा. मला पहिल्यांदा जुळायला पाच रविवार लागले होते.